मेघांच्या माहेरी तीन रात्री

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चकलांबा येथे केलेले भाषण)



चिटणिसांनी आज आम्हांस आपणांपुढे उभे केले, ते काही आम्ही वक्ते आहोत म्हणून नव्हे. गतवर्षी श्रावणात मंडळातर्फे जी चौदा माणसे आंबोलीस जाऊन आली, त्यांच्याविषयी गावात बरेच बोलले गेले. कोणी म्हणाले, लग्नकार्यांत काटकसर करून जमविलेला मंडळाचा पैसा ह्यांनी धुक्यात उडविला. कोणी म्हणाले, पाऊस पाहावयास पैसे मोजून जाणारी माणसे आम्ही प्रथमच पाहिली. तेव्हा जे गेले त्यांनीच मेळाव्यात काय ते सांगावे, असे कार्यकारिणीने ठरविले, आणि इतरांनी एकामागून एक अंग काढून घेतल्यावर ही कामगिरी आमच्या गळ्यात पडली. म्हणून ह्या भाषणात जेथे ‘आम्ही’ येईल तेथे ते चौदा जणांचे समजावे. चुका तेवढ्या बोलणाऱ्याच्या.

पैशाचा विषय आधी उरकून टाकतो. बारा जणांनी आपापला खर्च स्वतः सोसला. दोघा वृद्धांचा तेवढा मंडळाने दिला. पावत्यांसह हिशेब खजिनदारांपाशी आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा. त्या दोघा वृद्धांपैकी एकाविषयीच आज विशेषेकरून सांगावयाचे आहे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. स्मरणिकेत नाव छापू नये अशी त्यांचीच इच्छा असल्याने आम्हीही आबाच म्हणू.

आबांनी बावीस हंगाम ऊस तोडला. त्यांतले बरेचसे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, हिरण्यकेशी नदीच्या खोऱ्यात गेले. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडण्यासाठी बैलगाडी जुंपून निघावयाचे आणि उन्हाळा लागल्यावर परतावयाचे. आपणांपैकी कित्येकांच्या घरचा हा इतिहास आहे, म्हणून तो विस्ताराने सांगण्याची गरज नाही. त्यांची धाकटी कन्या त्या नदीच्या काठी, उसाच्या पाचटाची कोपी घालून राहिले असता, पौषाच्या थंडीत जन्मली. पुढे ती हंगामाच्या दिवसांत आजीजवळ चकलांब्यास राहून शिकली आणि आज शिक्षिका आहे. आंबोलीची कल्पना तिचीच. हिरण्यकेशीचा उगम आंबोलीस आहे आणि आबांनी तो एकदा पाहावा, एवढेच तिचे म्हणणे होते. बाकीचे आम्ही तिच्या मागे लागून गेलो.

आंबोली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील गाव. सह्याद्रीच्या अगदी कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर ते वसले आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. आपल्या बीड जिल्ह्याची सरासरी सुमारे ६६६ मिलिमीटरांची, आणि ती गाठली तर आपण ते वर्ष चांगले म्हणतो. म्हणजे आपल्याकडे दहा वर्षांत मिळूनही जेवढा पडत नाही, तेवढा तेथे एका पावसाळ्यात पडतो. हा आकडा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असेच आम्हांस वाटले होते.

पहाटे चार वाजता चकलांबा सोडले. अहिल्यानगर, पुणे, सातारा, कोल्हापूर असे करीत दिवस मावळावयास आजऱ्यास पोहोचलो. बारीक पाऊस लागला होता. चहासाठी एका टपरीपाशी गाडी थांबविली. आमची बोली ऐकून, आबांचे धोतर-पटका पाहून टपरीवाल्याने विचारले, “बीडकडची मंडळी काय? हंगामाला अजून दोन-तीन म्हैनं हाईत की. एवढ्या लौकर टोळी कशी आली?”

त्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याने आयुष्यभर आपल्याकडील माणसे पाहिली ती कोयत्यांसहच. परंतु आमच्यातील एक तरुण, जो पुण्यास नोकरीस आहे, एकदम तापला. त्यास हाताने दाबून आबा म्हणाले, “न्हाई पाव्हणं, औंदा ऊस तोडाया न्हाई आलो. ढग बघाया आलोत.” टपरीवाला हसला, आम्हीही हसलो. पण गाडीत बसल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे काळोख, रस्त्याच्या दोहों बाजूंस गर्द रान, आणि दिव्यांच्या उजेडात धुक्याची भिंत. शेवटचे काही मैल चालकाने बैलगाडीच्या चालीने गाडी नेली.

आम्ही उतरलो ते एक लहानसे निवासस्थान होते. आजकाल ज्यास इको-लॉज म्हणतात, त्या प्रकारचे. खोल्या मोजून सात. भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौले. खोलीत दूरचित्रवाणी नाही, वातानुकूलन नाही. अंगणातले दिवे जमिनीलगत आणि मंद, कारण प्रखर दिव्याने रात्रीचे किडे-पाखरे भांबावतात. आल्याबरोबर यजमानांनी विचारले, “खंयसून इलात?” बीडचे नाव ऐकून ते म्हणाले, “इतक्या लांबसून पावस बघूक?” हाच प्रश्न गावातही विचारला गेला होता, ह्याची आम्हांस गंमत वाटली. त्यांनी आम्हांस दोनच नियम सांगितले: प्लास्टिकचा कागद बाहेर टाकावयाचा नाही, आणि रात्री वाटाड्यावाचून रानात जावयाचे नाही. पहिला नियम दुसऱ्याच दिवशी आमच्यातील एका मुलाने मोडला. वाटाड्या पोरगा काही बोलला नाही. त्याने वाकून बिस्किटांचा कागद उचलला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. तो खिशात ठेवल्याचे पाहून आम्हां मोठ्यांची मान खाली गेली. रागावला असता तर बरे झाले असते.

आता खाण्यापिण्याविषयी, कारण भगिनींनी तेच आधी विचारले. घरून आम्ही बाजरीच्या भाकऱ्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर नेली होती. परमुलखात कोण काय देईल, ही आपली जुनी धास्ती. तिसऱ्या दिवशी भाकऱ्यांवर हिरवी बुरशी आली. आपल्याकडे भाकरी वाळते, तेथे ती वाळत नाही. रान होऊ लागते! मीठ पाझरून ओले झाले, आगपेटीची काडी पेटेना, आणि पहिल्या रात्री वाळत घातलेले धोतर आबांनी निघतेवेळी तसेच ओले गाठोड्यात बांधले. तेथील वहिनींनी मात्र आम्हांस उपाशी राहू दिले नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, गरम भात, अळू, सोलकढी, आणि सकाळी आंबोळ्या. आंबोलीस आंबोळी खाल्ली, हा विनोद चौदा जणांपैकी प्रत्येकाने एकेकदा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तो समोर काहीच नव्हते. अंगण नाही, कुंपण नाही, झाड नाही. ढग उंबऱ्यापर्यंत आलेला. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यात एक फांदी उमटली, मग दुसरी, आणि पुन्हा पुसून गेली. आपण ढगाकडे आयुष्यभर मान वर करून पाहिले. येथे तो आमच्या घोंगडीत शिरला.

शास्त्रज्ञ ज्यास मेघारण्य म्हणतात, ते असेच: ढग आकाशात न राहता झाडांमध्येच वस्तीस येतात असे रान. ही अरण्ये मुख्यत्वे मध्य व दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आग्नेय आशिया येथील उष्ण प्रदेशांतल्या पर्वतांवर आहेत, आणि तेथे धुके बहुधा बारमाही असते. काटेकोर व्याख्या लावली तर आंबोलीचे रान त्यात बसणार नाही, कारण तेथील उन्हाळा कोरडाच जातो. तथापि पावसाळ्याचे चार महिने व्यवहार सारा मेघारण्याचाच. खोडाच्या दक्षिणोत्तर सर्व बाजू शेवाळाने मढलेल्या. त्या शेवाळात नेचे रुजलेले. फांद्यांवर आमरी, म्हणजे ज्यांस ऑर्किड म्हणतात ती झाडे, मातीवाचून जगतात. मातीची गरजच काय, जेव्हा हवेतच पाणी आहे! अंजनी, जांभूळ, हिरडा ही मोठी झाडे. अंजनी म्हणजे कोरड्या मुलुखातला अंजन नव्हे, बरे का. हिची फुले निळीजांभळी असतात व ती उन्हाळ्यापूर्वी फांद्यांना चिकटून येतात असे वाटाड्याने सांगितले. कारवीही तेथे आहे, जी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मरते.

दुपारी पाऊस थांबला, तरी रानात थेंब पडतच होते. पानांवर धुके साचते, थेंब होतो, खालच्या पानावर पडतो, तेथून शेवाळात, शेवाळातून मुळांशी. आबा बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, “पाऊस उघडला, पण झाडाला कुणी सांगितलंच न्हाई.” पुढे कित्येक पुस्तके चाळली, परंतु ह्या क्रियेचे इतके नेमके वर्णन आम्हांस आढळले नाही.

येथे आमच्यात एक वाद झाला, तोही सांगावयास हवा. पुण्याचे चिरंजीव म्हणाले, “हा सारा पाऊस आमचाच. ह्या डोंगराने अडविला, म्हणून मराठवाडा कोरडा.” ऐकावयास बरे वाटते, परंतु ते अर्धेच खरे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढतात, वर गेल्याने थंड होतात आणि बाष्प तेथेच सोडतात. पलीकडे उतरताना तीच हवा तापते व कोरडी होते. हे खरे. कड्यापासून पूर्वेस आजऱ्याकडे, पुढे गडहिंग्लजकडे जाताना पाऊस कसा झपाट्याने ओसरतो, हे आम्ही परतीच्या वाटेवर गाडीच्या काचेवरच पाहिले. परंतु डोंगर नसता तर तो पाऊस आपल्याच शेतात पडला असता, असे समजण्यास आधार नाही. आपला भरवशाचा पाऊस बहुधा भाद्रपदात येतो आणि त्यातील बराच बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ढगांचा असतो. उलट त्याच सह्याद्रीच्या एका शिखरावर, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, आपली गोदावरी उगम पावते. ती आपल्या गेवराई तालुक्याच्या उत्तर शिवेवरून वाहते आणि तिच्यावरच पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली उभे राहिले. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने जे पाणी पुरविले गेले, ते कृष्णेचे, म्हणजे महाबळेश्वरच्या डोंगरातले. आपण सह्याद्रीचे देणेकरी आहोत, फिर्यादी नव्हे, असे शिक्षिकाबाईंनी त्या तरुणास ऐकविले. तो गप्प बसला. पटले की नाही, ठाऊक नाही.

रात्री वाटाड्याबरोबर विजेऱ्या घेऊन निघालो. आम्हां शेतकऱ्यांना बेडकांचे काय कौतुक, असे आधी वाटले. परंतु तेथे बेडकांचा असा काही कल्लोळ चालतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. एका डबक्यावर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा लोंबत होता. ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे. हिरवागार, बोटांमध्ये लाल पडदे असलेला हा बेडूक झाडावर राहतो, एका फांदीवरून दुसरीकडे तरंगत जातो आणि पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेस करून त्यात अंडी घालतो. पिले झाली की फेस विरतो आणि ती खालच्या पाण्यात टपाटप पडतात. पाणी फांदीच्या नेमके खालीच राहील, हा केवढा विश्वास! मातीत एक लांब, गांडुळासारखा प्राणी दिसला, त्यास तिकडे देवगांडूळ म्हणतात. तो गांडूळ नसून बेडकांच्याच गणगोतातला आहे. पुढे एका वेलीवर मलबारी चापडा नावाचा विषारी सर्प वेटोळे घालून बसला होता. तो जागचा हलला नाही, परंतु आमच्यातील दोन गृहस्थ बरेच हलले.

सर्वांत मनात राहिला तो मात्र न दिसलेला प्राणी. आंबोलीच्या परिसरात अंगठ्याएवढा एक भेक आहे. त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असल्याने शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्यास नाव देताना वाघाचेच नाव दिले. जगाच्या पाठीवर तो ह्याच लहानशा टापूत सापडतो आणि नामशेष होण्याचा अत्यंत धोका असलेल्या प्राण्यांत त्याची गणना आहे. पावसाळ्याच्या तोंडी, पहिल्या सरी पडल्या की हे भेक जांभ्याच्या उघड्या सड्यावर जमतात आणि बशीएवढ्या डबक्यांत अंडी घालतात. वाटाड्याने ती डबकी आम्हांस दाखविली. पाऊस लागून राहिला तर पिले तरतात. मध्येच उघडीप पडली आणि ऊन आले, तर डबके आटते आणि सारे संपते.

हे ऐकून आबा म्हणाले, “म्हंजी ह्याची बी दुबार पेरणी व्हती की.” विजेरीच्या उजेडात आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. इतका पाऊस पडणाऱ्या गावात कोणी आपल्यासारखा, पहिल्या पावसावर सर्वस्व लावून आकाशाकडे पाहणारा असेल, असे वाटले नव्हते. ह्या भेकांना आणि इतर बेडकांना घाटरस्त्यावरील मोटारींचाही मोठा धोका आहे. त्या रात्री परतताना आमच्या चालकाने यजमानांचे वाहन पुढे घालून, विजेरीच्या उजेडात रस्ता पाहत पाहत गाडी आणली.

निवासात पुस्तकांचे एक लहान कपाट होते. पाऊस फार लागला की शिक्षिकाबाई त्यातून वाचून दाखवीत. त्यातली एक हकीगत आपणांस सांगण्याजोगी आहे. मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा लहानसा देश आहे. ज्या १९४८ सालच्या सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, त्याच सालच्या डिसेंबरात त्या देशाने आपले सैन्यच बरखास्त केले. ते ऐकून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील क्वेकर नावाच्या शांततावादी ख्रिस्ती पंथाची काही शेतकरी कुटुंबे तिकडे जाऊन राहिली. सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांतील काहींनी तुरुंगवास भोगला होता. १९५१ साली त्यांनी डोंगरावर जमीन घेतली आणि त्या जागेस माँतेव्हेर्दे, म्हणजे हिरवा डोंगर, असे नाव दिले. दूधदुभते करून चीज विकणारी ही माणसे. परंतु कुऱ्हाड चालविण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. आपल्या ओढ्यांचे उगम ज्या धुकट माथ्यावर होते, तो सुमारे एक तृतीयांश भाग त्यांनी न तोडता राखून ठेवला. निसर्गप्रेम वगैरे मोठे शब्द त्यात नव्हते. गोठ्याला पाणी बारमाही हवे, एवढाच हिशेब. पुढे १९७२ मध्ये त्याच माथ्याला लागून मेघारण्याचे राखीव क्षेत्र स्थापन झाले, आणि आज जगभरातून माणसे तेथील लहान लहान निवासांत राहावयास जातात. आंबोलीतील निवास ही त्याच कुळातली.

त्याच माँतेव्हेर्देमध्ये सोनेरी रंगाचा एक भेक होता. तोही तेवढ्याच टापूत सापडणारा, तोही पावसाच्या डबक्यांवर जगणारा. १९८७ साली अभ्यासकांनी ते हजाराच्या वर पाहिले. त्या वर्षी डबकी लवकर आटली. १९८९ साली एकच नर दिसला. त्यानंतर तो कोणासच दिसला नाही आणि २००४ मध्ये त्याची नोंद नामशेष म्हणून झाली. रान शाबूत होते, कुंपण शाबूत होते. हवामानातील बदल, एक प्रकारचा बुरशीजन्य रोग, अशी कारणे सांगितली जातात. हे वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ठेवले गेले.

आंबोलीच्या लोकांचे सारे सुखाचे चालले आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. आंबोली, चौकुळ आणि गेळे ह्या तीन गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला. सावंतवाडी संस्थानच्या काळी गावकरांनी सामाईक कबुलायतीने कसलेली जमीन. पण तिच्या सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव नाही. निजामी इनामांचे घोळ ज्यांच्या घरांनी भोगले आहेत, त्यांना ह्याचे दुःख वेगळे सांगावयास नको. त्यात डोंगरातील बॉक्साइटवर खाणवाल्यांचा डोळा. डॉ. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, तेव्हापासून रान राखावे कोणी आणि त्याची किंमत मोजावी कोणी, हा तंटा त्या साऱ्या पट्ट्यात चालू आहे. आणि रविवारची गर्दी! मुख्य धबधब्यापाशी आम्ही रविवारी गेलो, ही आमची चूक. गाण्याचे कर्णे, मक्याची कणसे, बाटल्या, आणि पाण्याखाली उभे राहून ओरडणारी तरणीबांड पोरे. आम्ही पाच मिनिटांत परतलो. कावळेसादला मात्र दरीतून येणारा वारा खाली कोसळणारे पाणी उचलून परत वर फेकीत होता. दरी स्वतः काही दिसली नाही. तीन दिवसांत आम्ही एकही दरी पाहिली नाही, हे टीकाकारांच्या सोयीसाठी येथे नमूद करतो.

आता उगमाविषयी. चौथ्या दिवशी, निघण्याच्या सकाळी, हिरण्यकेशीस गेलो. गावापासून थोड्या अंतरावर रानात महादेवाचे देऊळ आहे आणि तेथील गुहेतून पाणी बाहेर येऊन समोरच्या कुंडात पडते. त्या कुंडात बोटाएवढा एक रंगीत मासा राहतो. शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये तो नव्या जातीचा ठरविला व नदीचेच नाव त्यास दिले. २०२१ मध्ये राज्य शासनाने दोन हेक्टरांच्या थोड्या वर असलेली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. मासेमारी अर्थातच बंद. देवाची भीती आणि सरकारचा कायदा ह्यांचे इतके एकमत आम्ही इतरत्र पाहिले नाही.

येथून निघालेली ही नदी पूर्वेस आजरा, गडहिंग्लज करीत पुढे घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस, आणि कड्यावर पडलेला तो पाऊस बंगालच्या उपसागरास जातो. वाटेत दोहों काठांस ऊस आहे. तो ऊस तोडावयास आपली माणसे जातात.

आबांनी पायांतल्या वहाणा बऱ्याच लांब काढून ठेवल्या. दर्शन घेतले, मग पाण्याच्या काठाशी येऊन बसले. आम्ही सारे जरा मागे थांबलो. ते किती वेळ बसले, आम्ही घड्याळात पाहिले नाही. मग त्यांनी लेकीस हाक मारली आणि कुंडापासून खाली, जेथे पाणी ओढा होऊन वाहते, तेथे नेले. ओंजळभर पाणी घेऊन ते म्हणाले, “ह्याच पाण्यानं तुला पयली आंघोळ घातली व्हती, बाई. तवा गढूळ व्हतं. तुजी आई म्हनली, असल्या पाण्यात लेकरू धुवायचं व्हय? म्या म्हनलं, नदी हाय, चालतंय.” थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, “वर इतकं नितळ असंल, ह्ये ठावं नव्हतं.”

बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांच्या मातुःश्री आज हयात नाहीत, हे आपण जाणताच.

परतीच्या वाटेवर आजऱ्यास त्याच टपरीवर आम्ही मुद्दाम थांबलो. टपरीवाल्याने ओळखले. “दिसले का ढग?” असे त्याने विचारले. आबा म्हणाले, “दिसले की. आता दसऱ्याला आमची पोरं येतील हिकडं, तवा त्यांना सांगा, वर जाऊन या म्हनावं. येका दिसाची खाडा मजुरी गेली तर जाऊ द्या.” त्यावर टपरीवाला म्हणाला, “मुकादम सोडंल व्हय?” आबांना ह्याचे उत्तर नव्हते, आणि आम्हांसही नव्हते. चहाचे पैसे देऊन आम्ही निघालो.

गावी पोहोचलो तेव्हा उघडीप पडून अठरा दिवस झाले होते आणि सोयाबीन माना टाकीत होते. ओले धोतर गाठोड्यातून काढून आबांनी अंगणात वाळत घातले. ते तासाभरात वाळले.

अध्यक्षमहाराज, आमची वेळ संपत आली आहे, म्हणून एक सूचना तेवढी करून खाली बसतो. येत्या श्रावणात ज्यांना जावयाचे असेल त्यांनी अक्षय्य तृतीयेपूर्वी चिटणिसांकडे नावे द्यावीत. ज्यांच्या घरची माणसे कोयत्याला जातात, त्या घरांतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा व एका विद्यार्थ्याचा खर्च मंडळाने करावा, असा प्रस्ताव आम्ही चौदा जणांनी लेखी दिला आहे. त्यावर दुपारच्या सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावयाची आहे, तेव्हा जेवणानंतर कृपया कोणी परस्पर घरी जाऊ नये. जाणाऱ्यांनी घोंगडी न्यावी, छत्रीचा तेथे उपयोग होत नाही. रविवार टाळावा. आणि भाकऱ्या एका दिवसापुरत्याच घ्याव्यात.